मुरमावर अडखळणारा चारपायी रोबो: मेंदूकडून नेमके काय घ्यावे?

प्रश्न: कार्यशाळा

नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात खडकीला सैन्यदिनाचे संचलन झाले आणि त्यात लष्कराची चारपायी यंत्रे, ज्यांना ‘रोबोटिक म्यूल’ असे म्हणतात, रांगेने चालत गेली. ते पाहून आमच्या शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी लहान चारपायी रोबो हा विषय घेतला. रोबोचे वजन २.४ किलो आहे. प्रत्येक पायाला तीन याप्रमाणे १२ सर्व्हो मोटरी, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणाऱ्या मोटरी, आहेत, सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला आहे आणि धडाच्या मध्यावर कल मोजणारा एक सेन्सर बसवला आहे. कोणते पाऊल कोणत्या क्षणी कुठे असावे याचे गणित आम्ही आधीच करून ठेवले आहे आणि मोटरी तो मार्ग गिरवत राहतात.

प्रयोगशाळेतील शहाबादी फरशीवर हा रोबो नीट चालतो. कार्यशाळेमागच्या अंगणात मुरूम पसरलेला आहे. तिथे सोडला की तिसऱ्या किंवा चौथ्या पावलाला तो कलंडतो. कारण समजावे म्हणून आम्ही मोबाइलवर संथ गतीने चित्रण केले आणि ते पुन्हा पुन्हा पाहिले. पुढचा डावा पाय खाली येत असताना सुपारीएवढ्या खड्यावर टेकला. गणिताच्या हिशेबाने तो अजून हवेत होता, म्हणून मोटर त्याला आणखी खाली दाबत राहिली. त्यामुळे धडाची डावी बाजू उचलली गेली, धड उजवीकडे कलले आणि मागचा डावा पाय जमिनीवरून सुटला. पण त्या सुटलेल्या पायाला आपण सुटलो आहोत हे ठाऊकच नव्हते, त्यामुळे तो हवेतच मागे रेटत राहिला. कल मोजणाऱ्या सेन्सरने धोका कळवला खरा, परंतु तोवर सावरण्याची वेळ निघून गेली होती.

यावर उपाय शोधताना ‘मेंदूपासून प्रेरित’ हे शब्द सर्वत्र वाचायला मिळतात. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की कॅमेरा बसवावा, म्हणजे खडा आधीच दिसेल. विद्यार्थ्यांना सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातील आभासी जगात, रोबोला लाखो पावले चालवून शिकवण्याची पद्धत वापरायची आहे. चेतापेशींच्या धर्तीवर चालणाऱ्या चिप्सबद्दलही आम्ही वाचले, पण त्या आमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. माझा प्रश्न असा आहे की प्राणी ज्या रीतीने जमीन जाणून आपली चाल बदलतात, त्या रीतीतील कोणता भाग आमच्यासारख्यांना खरोखर उचलता येईल, आणि सुरुवात कुठून करावी? प्रेरणा नावापुरती राहू नये, एवढीच इच्छा आहे.


उत्तर: शरीरक्रिया

मॅडम, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. रोबो बनवण्याचा मला अनुभव नाही, परंतु आपण केलेले चित्रणाचे वर्णन वाचताना मला एका रुग्णाची आठवण झाली, ज्याचा वैद्यकीय साहित्यात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधील एका तरुणाला १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, विषाणूसंसर्गानंतर मानेखालच्या शरीराची स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव कायमची गमवावी लागली. स्नायूंना आदेश नेणाऱ्या चेता शाबूत होत्या, म्हणजे ताकद होती; तरीही त्याला सुरुवातीला उठून बसतासुद्धा येत नव्हते. पुढे अवयवांकडे सतत डोळे लावून, प्रत्येक हालचाल मनाने आखून तो चालायला शिकला, पण दिवे गेले की तो कोसळत असे. आपला रोबो याच अवस्थेत आहे, आणि त्याला डोळेही नाहीत. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी पायाची जाणीव हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चालण्याची लय कुठून येते ते पाहू. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये दाखवले की मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि पायाकडून येणाऱ्या संवेदी चेताही कापल्या, तरी घोट्याचे परस्परविरोधी स्नायू आलटून पालटून आकुंचन पावत राहतात. म्हणजे चालीचा ठेका मज्जारज्जूतच आहे. १९६६ मध्ये मॉस्कोच्या शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्हस्की यांनी मांजराच्या मध्यमेंदूतील एका भागाला विजेचे उद्दीपन दिले. उद्दीपन वाढवत नेले तसे जनावर साध्या चालीवरून दुडक्या चालीवर आणि दुडक्या चालीवरून चौखूर धावण्यावर गेले. प्रत्येक स्नायूला वेगळा आदेश वरून येत नाही. वरून येतो तो एवढाच संदेश की किती जोरात निघायचे. बाकीची वाटणी खालच्या खाली होते.

परंतु ठेका म्हणजे चाल नव्हे, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म पुढे आहे. फोर्सबर्ग, ग्रिलनर आणि रॉसिन्योल यांनी १९७५ मध्ये मज्जारज्जू छेदलेल्या मांजरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंजाच्या वरच्या बाजूला हलका स्पर्श केला, तर पाय हवेत असताना तो गुडघ्यात अधिक दुमडून वर उचलला जातो, म्हणजे ठेच लागलेला पाय अडथळ्यावरून पलीकडे नेला जातो. तोच स्पर्श पाय जमिनीवर टेकलेला असताना केला, तर पाय उलट अधिक ताठ होतो. स्पर्श एकच, उत्तरे दोन, आणि कोणते उत्तर द्यायचे हे चालीच्या टप्प्यावरून ठरते. हे सारे मेंदूच्या मदतीवाचून होते. पुढे अखंड चेतासंस्था असलेल्या मांजरांचे पाऊल अचानक खड्ड्यात गेले तर काय होते, तेही अभ्यासले गेले: अपेक्षित वेळी जमीन लागली नाही की पाय लगेच बाहेर काढला जातो. इथे जमीन न लागणे हीच बातमी असते. अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघाली तर आपले सारे अंग कसे दचकते, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. ते दचकणे पायाचे आहे, डोळ्यांचे नव्हे.

या ‘अपेक्षित’ शब्दापाशी लहान मेंदूचे काम सुरू होते. माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. आपण दिलेल्या आदेशामुळे शरीरातून कोणती संवेदना परत यायला हवी याचा अंदाज बांधणे आणि प्रत्यक्ष संवेदना वेगळी निघाली तर पुढच्या खेपेचा आदेश किंचित बदलणे, हे त्याचे एक मुख्य कार्य मानले जाते. दोन स्वतंत्र पट्टे असलेल्या ट्रेडमिलवर एका पायाखालचा पट्टा दुप्पट वेगाने फिरवला तर निरोगी माणूस आधी लंगडतो आणि काही मिनिटांत नीट चालू लागतो. पट्टे पुन्हा सारख्या वेगाचे केले की तो उलट्या बाजूने लंगडतो, कारण नवा अंदाज आता मुरलेला असतो. लहान मेंदूला इजा झालेले रुग्ण पट्ट्याच्या वेगाला तत्काळ प्रतिसाद देतात, पण हे हळूहळू मुरणे त्यांच्यात नीट होत नाही, असे २००६ मध्ये मॉर्टन आणि बॅस्टियन यांनी दाखवले. तत्काळ सावरणे आणि सवयीने बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून दिसते. आपल्या रोबोला आज पहिल्याची गरज आहे.

वेळेबद्दल एक गोष्ट नोंदवतो. पोटरीच्या स्नायूला अचानक ताण बसल्यावर प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायला सुमारे ४० ते ५० मिलिसेकंद लागतात, तर डोळ्यांनी पाहून ठरवलेली हालचाल सुरू व्हायला सुमारे २०० मिलिसेकंद. आपले शरीर विजेच्या यंत्राच्या तुलनेने फार मंद आहे. तरीही ते पडत नाही, कारण तातडीचे काम जवळच्या चेतांकडे आणि विचाराचे काम दूरच्या मेंदूकडे सोपवलेले आहे.


उत्तर: डोंगरवाट

डॉक्टरांचे उत्तर वाचून आनंद झाला. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या झुरिकजवळ चालत्या रोबोंच्या नियंत्रणावर काम करतो. मॅडम, तुमच्या प्रश्नातील सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे ते संथ चित्रण. त्यात दोष नेमका पकडलेला आहे.

आधी मोटरीबद्दल. साध्या सर्व्होला आदेश देता येतो, पण ती काही सांगत नाही. तरी तिच्या आत शाफ्टची स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर असतोच. मोटर उघडून त्याच्या मधल्या पिनेला एक बारीक तार डाखून बाहेर काढली की प्रत्यक्ष कोन वाचता येतो. आदेश ४० अंशांचा आहे आणि शाफ्ट ३४ अंशांवर अडकला आहे, तर हा ६ अंशांचा फरक म्हणजेच भाराची खूण. डॉक्टरांनी सांगितलेली ‘अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांची तुलना’ इतक्या साध्या रूपात तुमच्या हाती आहे. त्याशिवाय प्रत्येक पावलाखाली दाब मोजणारा एक पातळ सेन्सर लावा.

आता या बातमीचे करायचे काय? येथे मी तुम्हाला जपानमधील तोहोकू विद्यापीठात ओवाकी, इशिगुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम वापरण्याचा आग्रह करीन. प्रत्येक पायासाठी एक स्वतंत्र आंदोलक असतो, म्हणजे शून्यापासून ३६० अंशांपर्यंत फिरणारे एक घड्याळ समजा: पहिल्या अर्ध्या फेरीत पाय हवेत, दुसऱ्या अर्ध्या फेरीत जमिनीवर. घड्याळाच्या नेहमीच्या वेगातून एकच पद वजा करायचे: पायावरचा भार, गुणिले एक स्थिरांक, गुणिले घड्याळाच्या कोनाचा कोसाइन. या एका पदाने दोन गोष्टी साधतात. पाय हवेतून खाली येत असताना वेळेआधीच खड्यावर टेकला तर कोसाइन ऋण असल्यामुळे घड्याळ पुढे पळते आणि पाय लगेच टेकलेल्या टप्प्यात जातो. उगाच खाली दाबत राहत नाही. टेकलेल्या टप्प्याच्या उत्तरार्धात भार अजून असेल तर कोसाइन धन असतो, घड्याळ मंदावते आणि अंग पेलणारा पाय उचलण्याची घाई होत नाही. चार घड्याळांना एकमेकांशी जोडणारी एकही तार किंवा समीकरण नसते. एका पायाने भार घेतला की दुसऱ्यावरचा कमी होतो, आणि ही बातमी धडातूनच पोहोचते. याच मार्गाने पुढे २०१७ मध्ये त्यांच्या रोबोने केवळ घड्याळांचा मूळ वेग वाढवल्यावर साध्या चालीवरून दुडक्या चालीवर आणि पुढे चौखूर चालीवर आपोआप बदल करून दाखवला. डॉक्टरांनी सांगितलेल्या १९६६ च्या मांजराशी याचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे.

हा विचार नवा नाही, हेही सांगतो. किमुरा आणि फुकुओका यांच्या ‘टेक्केन’ या चारपायी रोबोने २००३ च्या सुमारास आंदोलक, ठेच लागल्यावर पाय उचलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि कलानुसार पाय ताठ करण्याची क्रिया एकत्र करून मोकळ्या जमिनीवर चालून दाखवले होते. त्याआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतील केस वेस्टर्न विद्यापीठाच्या सहापायी रोबोत ‘अडथळा लागला तर पाय वर घे’ आणि ‘जमीन लागली नाही तर चाचपड’ या दोन प्रतिक्षिप्त क्रिया बसवलेल्या होत्या. त्या काळचे संगणक आजच्या मोबाइलच्या मानाने फारच दुबळे होते. त्यामुळे तुमच्या नियंत्रकाच्या क्षमतेची चिंता करू नका.

विद्यार्थ्यांच्या इच्छेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती रास्त आहे. ईटीएच झुरिक या विद्यापीठात ‘एनिमल’ या चारपायी रोबोवर २०२० मध्ये जे काम प्रसिद्ध झाले, त्यात रोबोला कॅमेऱ्याची माहिती दिलीच नव्हती. सिम्युलेशनमध्ये आधी एक ‘गुरू’ शिकवला गेला, ज्याला जमिनीचा चढउतार, घसरण, पायावरचा भार सारे आयते ठाऊक होते. मग एक ‘शिष्य’ शिकवला गेला, ज्याला फक्त स्वतःच्या सांध्यांचे कोन आणि धडाची हालचाल, तीही मागच्या काही क्षणांच्या इतिहासासह, कळत होती. गुरूने जे केले असते ते या तुटपुंज्या माहितीवरून करायला तो शिकला. पायाखाली बर्फ आहे की चिखल की झरा, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, तरी तो या सर्वांवरून चालत गेला. २०२२ मध्ये त्याच गटाने दृष्टीची जोड दिली, पण ती आंधळेपणाने नव्हे. उंच गवत कॅमेऱ्याला भरीव जमिनीसारखे दिसते, मऊ बर्फ घट्ट दिसतो. अशा वेळी डोळे आणि पाय वेगळे बोलू लागले तर पायावर अधिक विश्वास ठेवायला ती प्रणाली शिकलेली होती. तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेल्या कॅमेऱ्याबद्दल माझे उत्तर त्यात आले. आपल्या देशातही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘स्टॉक’ नावाच्या चारपायी रोबोवर या दिशेने काम झालेले आहे.

मात्र अशा शिकवलेल्या कृत्रिम चेताजाळ्यांना सरसकट ‘मेंदूपासून प्रेरित’ म्हणणे मला पटत नाही. जीवशास्त्रातील एखादे निश्चित विधान, उदाहरणार्थ ‘उत्तर टप्प्यावरून ठरते’, यंत्रात उतरवले असेल तरच तो शब्द वापरावा. मार्क रायबर्ट यांचा एका पायावर उड्या मारणारा रोबो १९८० च्या दशकात तोल सांभाळत होता आणि त्याच्या नियंत्रणात चेतापेशीचे एकही मॉडेल नव्हते: उडीची उंची, पाऊल किती पुढे ठेवायचे आणि धड सरळ ठेवणे, अशी तीन साधी कामे होती. लवचीक पायाने त्यातील मोठा वाटा उचलला होता. म्हणूनच मॅडम, पावलाच्या टोकाला काहीतरी मऊ लावा. कठीण प्लास्टिकचे पाऊल खड्यावर आपटले की धक्का थेट गिअरमध्ये जातो, आणि तेवढ्या कमी वेळात कोणताही नियम उपयोगी पडत नाही.

चेतापेशींच्या धर्तीवरील चिप्स आज नसल्या तरी काही बिघडत नाही. इंटेलच्या २०१७ च्या ‘लोईही’ चिपवर सुमारे १ लाख ३० हजार कृत्रिम चेतापेशी होत्या आणि त्यांचे खरे बळ कमी विजेत सतत जागे राहण्यात आहे. १२ सर्व्हो मोटरींपुढे तुमच्या नियंत्रकाला लागणारी वीज नगण्य आहे, त्यामुळे तिथे बचत करून हाती काही लागणार नाही.


उत्तर: सहापायी

मी कीटकांच्या हालचालींचा अभ्यास करते, म्हणून एकाच मुद्द्यापुरती भर घालते. कीटक भार मोजतात तो केवळ तळपायाने नव्हे. त्यांच्या पायाच्या कवचात, विशेषतः पायाच्या वरच्या सांध्याजवळ, घुमटाच्या आकाराचे सूक्ष्म संवेदी अवयव असतात. कवचाला किंचित ताण बसला तरी ते कळवतात. चिखल, पाणी, धूळ यांच्यापासून ते दूर राहतात आणि पाय कुठेही टेकला तरी भार त्यांच्यापर्यंत पोहोचतोच. पावलाखालचा सेन्सर मुरमावर लवकर झिजेल अशी मला शंका आहे. तो झिजलाच, तर मांडीच्या पट्टीवर ताण मोजणारी गेज चिकटवून पाहावी.

स्वतःच्या पायांची जाणीव किती दूरवर उपयोगी पडते याचे एक उदाहरण इथे देण्याचा मोह आवरत नाही. सहाराच्या वाळवंटातील कॅटाग्लिफिस मुंग्यांवर व्हिटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी २००६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. मुंगी अन्नापर्यंत पोहोचल्यावर तिच्या पायांना डुकराचे केस चिकटवून ते लांब केले, तर परतताना ती वारुळाच्या पुढे निघून गेली. पाय आखूड केले तर अलीकडेच थांबून शोधू लागली. अंतराचा हिशेब ती पावलांवरून ठेवत होती. पायांतून मिळणारी माहिती म्हणजे फक्त अपघात टाळण्याचे साधन नव्हे, एवढे यावरून लक्षात घ्यावे.


पुढील नोंद: कार्यशाळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्याजोगे काही झाल्यावरच लिहावे असे विद्यार्थ्यांनी ठरवले होते.

आम्ही बाराही मोटरी उघडून चौथी तार काढली. त्यात दोन मोटरी निकामी झाल्या, कारण डाखताना पोटेन्शिओमीटरची पिन वितळलेल्या प्लास्टिकमधून सुटून आली. पावलांसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन गोल चकत्यांमध्ये दाबाचा सेन्सर ठेवून कडेने रबराच्या डिंकाने बंद केला. केवळ या मऊ पावलांनीच, कोणताही नियम न बदलता, रोबो पूर्वीपेक्षा दोन-तीन पावले जास्त चालू लागला. लवचीक पायाबद्दल जे सांगितले होते ते डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर तोहोकूचा नियम घातला. पहिल्या दिवशी रोबो जागेवरच थरथरत उभा राहिला. स्थिरांक फार मोठा होता, त्यामुळे चारही घड्याळे टेकलेल्या टप्प्याच्या मध्यावर अडकून बसत होती आणि कोणताही पाय उचलायला तयार नव्हता. तो हळूहळू कमी करत आणल्यावर एका टप्प्यावर मागचा एक पाय उचलला गेला, मग त्याच बाजूचा पुढचा, आणि आम्ही कोणताही क्रम लिहिलेला नसताना चार पावलांचा ठेका बसला. तो क्षण विद्यार्थ्यांइतकाच माझ्याही लक्षात राहील. आता मुरमाचे अंगण तो बहुतेक वेळा पार करतो. पुन्हा संथ चित्रण केले, तेव्हा खड्यावर टेकलेला पाय तिथेच थांबून भार घेताना स्पष्ट दिसला.

दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली अशी की दुपारच्या उन्हात अंगण तापले की दाबाच्या सेन्सरची वाचने सरकतात. सहापायी मॅडमनी सुचवलेली गेज मागवली आहे. तोवर प्रत्येक पाऊल हवेत असतानाचे वाचन शून्य धरून पुढच्या टेकण्याचा भार त्यावरून मोजतो, त्यामुळे बराच फरक पडला. दुसरी अडचण अधिक विचार करायला लावणारी आहे. पुढच्या पायाला उंच खड्याची ठेच लागते, तो वर उचलून पलीकडे जातो, आणि थोड्याच वेळात मागचा पाय त्याच खड्यावर येऊन आपटतो. प्रत्येक पाय स्वतंत्र ठेवला तर पुढच्या पायाला कळलेली गोष्ट मागच्यापर्यंत पोहोचवायची कशी?


उत्तर: शरीरक्रिया

मॅडम, ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण चारपायी प्राण्यांना अक्षरशः लागू पडते, आणि त्याचा पुरावा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मॅकव्ही आणि पिअरसन यांनी २००६ मध्ये मांजरांवर केलेला प्रयोग असा होता: मांजराने पुढचे दोन पाय अडथळ्यावरून नेले की त्याला खाणे दाखवून तिथेच थांबवायचे, आणि अडथळा त्याच्या नकळत खाली सरकवून काढून घ्यायचा. बऱ्याच मिनिटांनी मांजर पुन्हा चालू लागले तरी त्याचे मागचे पाय, आता तिथे नसलेल्या अडथळ्यावरून, योग्य त्या जागी उंच उचलले जात. मागचे पाय मांजराला दिसत नाहीत. ते चालतात ते पुढच्या पायांनी ठेवलेल्या आठवणीवर. ही आठवण केवळ मज्जारज्जूची नसून तिच्यात मोठ्या मेंदूचाही सहभाग आहे. म्हणजे आपण आता खालच्या थरावरून वरच्या थरावर आला आहात, आणि माझ्या दृष्टीने हाच योग्य क्रम आहे.


उत्तर: डोंगरवाट

हे यंत्रात करणे अवघड नाही. पुढच्या पायाला ज्या क्षणी ठेच लागली त्या क्षणी धडाच्या सापेक्ष पाऊल कुठे होते आणि किती उंच उचलावे लागले, एवढे दोन आकडे साठवा. त्यानंतर टेकलेल्या पायांच्या मागे सरकण्यावरून धड किती पुढे गेले याची बेरीज करत राहा. मुंग्यांचा हिशेब तोच आहे. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत असताना तो बिंदू त्याच्या मार्गात येत असेल तर पाऊल साठवलेल्या उंचीवरून न्या, आणि ओलांडल्यावर नोंद पुसून टाका. पाय घसरले तर बेरीज चुकेल, म्हणून बिंदूच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन सेंटिमीटर मोकळीक ठेवा. घड्याळाच्या नियमाला हात लावू नका. तो आपले काम करत राहील आणि ही आठवण त्याच्या वरून फक्त पावलाची उंची बदलेल.


पुढील नोंद: कार्यशाळा

नोंद ठेवण्याचा भाग विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात लिहिला. मोकळीक दोनऐवजी तीन सेंटिमीटर ठेवावी लागली, कारण मुरमावर पाय अपेक्षेपेक्षा जास्त घसरतात. काल संध्याकाळी चाचणी घेतली. पुढच्या डाव्या पायाला ठेच लागली, तो पलीकडे टेकला, आणि त्याच वेळी एका विद्यार्थ्याने धडाखाली हात घालून तो खडा हळूच उचलून घेतला. रोबो दोन पावले पुढे गेला. मग त्याचा मागचा डावा पाय त्या जागी आला, उंच उचलला गेला, आणि मोकळ्या मुरमावरून पलीकडे जाऊन टेकला.